बेलवलीच्या शेतातली फाइट

मी बॉक्सिंगच्या फाइट भरवायचे असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग मला वरपासून खालपर्यंत बघतात. त्यांचंही चुकत नाही. माझी उंची पाच फुटाला एक बोट कमी, आणि आयुष्यात मी कुणावर हात उगारलेला नाही, स्वतःच्या मुलांवरसुद्धा नाही. पण ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हापासून पुढची आठ-नऊ वर्षं अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर या पट्ट्यात पैसे घेऊन लढणाऱ्या बॉक्सरांच्या जोड्या मी लावल्या, रिंग मी उभी केली, तिकिटं मी खपवली. आणि पहिली घंटा वाजायच्या आधी छातीत जे धडधडतं, ते दर वेळी नव्यानं धडधडलं.

मी अंबरनाथच्या बुवापाड्याची. वडील कारखान्यात, घरात आम्ही चार भावंडं. दहावीनंतर शिवणक्लास केला आणि उल्हासनगर कॅम्प एकमध्ये एका शेठच्या शिलाई कारखान्यात लागले. लग्न झालं तेही बुवापाड्यातच, चार गल्ल्या सोडून. नवरा नगरपालिकेत कारकून, शांत, बेताचं बोलणारा. शेठ सिंधी, पन्नाशीचे, अंगानं भरलेले, नाक डावीकडे वाकलेलं. ते कंपन्यांच्या गणवेशाच्या ऑर्डरी घ्यायचे. माझं माप कधी चुकत नाही हे त्यांनी हेरलं आणि मला मशीनवरून उठवून मापं घ्यायला पाठवायला लागले.

गळ्यात टेप, हातात वही, असं मी अंबरनाथच्या एकेका कंपनीत जायचे. कामगार रांगेत उभे राहायचे. पहिले काही दिवस मी मान वर केली नाही. परक्या पुरुषांच्या छातीभोवती टेप टाकायची म्हणजे काय! महिन्याभरात ती लाज गेली. पुढे पुढे मला माणूस दिसला की माप दिसायचं. हा बेचाळीस छातीचा, पण बाही आखूड. तो अडतीस छातीचा आणि हात नुसते ताडासारखे. टेप लावून बघितलं की अर्ध्या इंचाचा फरक निघाला तर निघाला.

शेठचं नाक का वाकलंय हे मला कारखान्यात लागून वर्ष झाल्यावर कळलं. तरुणपणी ते कॉलेजात बॉक्सिंग करायचे. ती खोड गेली नव्हती. दर हिवाळ्यात ते कारखान्यामागच्या मोकळ्या प्लॉटवर दोन-तीन वेळा फाइट भरवायचे. हौशी पोरांच्या नाही. लढायचे पैसे घेणाऱ्यांच्या. मुंबईचे, पुण्याचे, खडकीचे बॉक्सर यायचे, आणि आपल्याकडचे चार-पाच.

एके दिवशी शेठ मशीनपाशी आले आणि म्हणाले, "बेटा, वीस फूट बाय वीस फूट का एक चादर बनेगा?"

"एवढी मोठी? कुणाच्या पलंगाला?"

ते इतके हसले की बाकीच्या मशीन थांबल्या. चादर म्हणजे रिंगवर ताणायचं जाड कापड. ते मशीनखाली जाईना. मी दाभण आणि मेण लावलेला दोरा घेऊन चार दिवस जमिनीवर बसून ते शिवलं. शिवण वर आली तर बॉक्सरचा पाय अडकतो, म्हणून प्रत्येक शिवण दुमडून खाली घेतली. उरलेल्या जीन्सच्या चिंध्या ठासून चार कोपऱ्यांच्या खांबांना गाद्या केल्या. शेठने त्या गाद्यांवर दोन बुक्क्या मारून बघितल्या आणि मला म्हणाले, "रविवारी ये. तू बनाया है, तू देख तो सही."

मी गेले ती कापड सुरकुततंय का ते बघायला. रिंगमध्ये दोघं सरावाला उतरले होते. पुढच्या आठवड्यात त्यांचीच फाइट होती. वजन दोघांचं सारखं, तसं वहीत लिहिलेलं. पण मला काहीतरी खटकत होतं. मी शेठना म्हटलं, "शेठ, ही जोडी नाही जमत."

"क्यूं? वजन बराबर है."

"वजन बरोबर आहे, पण त्या लाल बनियनवाल्याची बाही तीन इंच लांब आहे. हा बिचारा पोचणारच नाही. नुसता मार खाईल."

शेठने माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी दोघांना खाली बोलावलं आणि मला म्हणाले, "नाप."

मी मापलं. पावणेतीन इंच.

शेठने कपाळाला हात लावला. "मैं तीस साल से ये खेल देख रहा हूं," ते म्हणाले, "और तू कपडा देखने आयी थी!"

त्या दिवसापासून जोड्या मी लावायला लागले. खरं सांगायचं तर पहिली खरी फाइट बघेपर्यंत मला वाटत होतं, रक्त दिसलं की मी उठून जाईन. झालं उलटंच. घंटा झाली, दोघं मधोमध आले, एकमेकांना जोखत गोल फिरायला लागले, आणि तिसऱ्या राउंडला माझ्या लक्षात आलं की मी खुर्चीवर नाही, उभी आहे, आणि माझ्या दोन्ही मुठी आवळलेल्या आहेत. मी लावलेली जोडी होती ती. दोघंही तुल्यबळ. कोण जिंकणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि त्यातच तर सगळी गंमत होती. कापड फाटून दोन सारखे तुकडे झाले की कसं समाधान वाटतं, तसं मला वाटलं. फक्त त्याच्या शंभरपट.

चार हिवाळे असे गेले. मग शेठच्या मुलाचा परदेशात जम बसला आणि त्यानं आईवडिलांना बोलावून घेतलं. कारखाना पुतण्याकडे गेला. जायच्या आदल्या आठवड्यात शेठने मला प्लॉटवर बोलावलं. फळ्या, लोखंडी खांब, दोरखंड, माझी चादर, पितळेची घंटा, सगळं एका ताडपत्रीखाली रचून ठेवलेलं.

"ये तू ले जा," ते म्हणाले.

"मी काय करू याचं?"

"जो मैं करता था."

"शेठ, मी बाई माणूस. लोक काय—"

"लोग टिकट लेके आएंगे," शेठ म्हणाले. "रिंग के अंदर दो लोग अच्छा लडे तो बाहर कौन खडा है, कोई नहीं देखता."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्यानं शांतपणे चहा संपवला आणि विचारलं, "आपलं घर दोन खोल्यांचं. रिंग ठेवायची कुठे?" हो म्हणाला नाही, नको म्हणाला नाही, त्याचा प्रश्न तेवढाच. पुढेही बरीच वर्षं त्याचं तसंच होतं. मला अडवलं नाही, पण चारचौघांत बायको काय करते असं कुणी विचारलं की म्हणायचा, "शिवणकाम."

रिंगला जागा मिळवून दिली टेम्पोवाल्यानं. शेठची रिंग नेहमी ज्याच्या टेम्पोतून हलायची, तो बदलापूरचा, बेलवलीचा. त्याच्या वडिलांचा गोठा अर्धा रिकामा होता. फळ्या तिथे गेल्या. आणि गोठ्याला लागूनच त्यांचं भाताचं शेत. भात कापून झालेला, जमीन कडक, सपाट, आणि बाजूला रस्ता. मी ते शेत बघितलं आणि तिथल्या तिथे मला सगळं दिसायला लागलं: इथे रिंग, तिकडे खुर्च्या, बांधावर फुकटवाले.

टेम्पोवाल्याचे वडील सत्तरीचे आगरी म्हातारे. डोक्याला लाल टोपी, आवाज खणखणीत. मी त्यांना काका म्हणायचे. शेत मागायला गेले तर त्यांनी मला ओटीवर बसवलं आणि म्हणाले, "काय गो बाय, माजे शेतान मारामारी करनार?"

"मारामारी नाही काका, खेळ आहे. नियम असतात. पंच असतो."

"कुस्तीसारका?"

"तसाच. फक्त उभ्यानं."

"परलेल्या मानसाला मारतात काय?"

"नाही. पडला की थांबायचं. दहापर्यंत मोजतात."

काकांनी विचार केला. "मंग चालंल," ते म्हणाले. "परलेल्याला मारला तर मी काठी घेऊन येनार, आदीच सांगतो."

डिसेंबरातला एक रविवार ठरला, दुपारी तीन वाजता, म्हणजे दिव्यांची भानगड नको आणि लोक उजेडात घरी. मुख्य फाइट सहा राउंडची. आमच्या बाजूनं अंबरनाथचा एक लेथ ऑपरेटर. त्याला मी गणवेशाच्या रांगेतच पहिल्यांदा बघितलं होतं, तेव्हाच टेप टाकताना म्हटलं होतं, "हात काय आहेत रे तुझे!" शेठकडे तो सात फाइट लढला आणि सातही जिंकला. अंबरनाथमध्ये पानटपरीवर त्याचं नाव निघायचं. समोर पुण्याचा, फौजेतून निवृत्त झालेला, तिशी ओलांडलेला डावखुरा. उजव्यानं टोचत राहायचा आणि डाव्याचा ठोसा कुठून येईल ते कळायचं नाही. बाह्यांत फरक फक्त अर्ध्या इंचाचा. वजनात अर्धा किलोचा. अशी जोडी मी आयुष्यात लावली नव्हती. ती जमली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, इतकी मी खुशीत होते.

रिक्षाला भोंगा लावून आठवडाभर तिन्ही गावांत पुकारा केला. भिंतींवर गेरूनं लिहिलं. रविवारी सकाळी शेतात रिंग उभी राहिली तेव्हा बेलवलीची निम्मी पोरं तिच्याभोवती फिरत होती. दोनपासून लोक यायला लागले. अंबरनाथहून टेम्पो भरभरून कामगार आले, ढोल घेऊन. उल्हासनगरचे जुने सिंधी व्यापारी, शेठचे दोस्त, पुढच्या खुर्च्यांवर. बदलापूरचे गावकरी बायकापोरांसकट. मी एवढी माणसं धरलीच नव्हती. बांधावर, झाडावर, गोठ्याच्या कौलांवरसुद्धा माणसं.

अडीच वाजता टेम्पोवाला धावत आला. "ताई, डॉक्टर येत नाहीत. त्यांचा माणूस चिठ्ठी घेऊन आलाय. घरातच कुणाला तरी दवाखान्यात न्यावं लागलंय."

शेठचा एक नियम होता आणि तो मी स्वतःला बजावून ठेवला होता: रिंगपाशी डॉक्टर नसेल तर घंटा नाही. पंच म्हणाले, "ताई, सुरू करू. काही होत नाही. पोरं तयार आहेत." ढोल वाजत होते. लोक टाळ्या वाजवत 'चालू करा, चालू करा' म्हणत होते.

"डॉक्टर येईपर्यंत कुणी रिंगमध्ये उतरायचं नाही," मी म्हटलं आणि टेम्पोत चढले.

रविवार. स्टेशनजवळचे दोन दवाखाने बंद. तिसऱ्या ठिकाणी दार उघडं होतं. आत एक डॉक्टरबाई, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, केस पांढरे व्हायला लागलेले, नुकतंच कुणाचंतरी बाळंतपण उरकून हात पुसत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "अहो, मी बाळंतपणं करते. नाकं-डोळे नाही बघत."

"टाके घालता ना?"

"ते घालते."

"माणूस शुद्धीवर आहे की नाही ते कळतं ना?"

"अर्थात कळतं!"

"मग चला. बाई, दीड-दोन हजार माणूस शेतात बसलंय. तुम्ही नाही म्हणालात तर मी सगळ्यांना घरी पाठवणार. डॉक्टरशिवाय मी फाइट लावत नाही."

त्यांनी नर्सला विचारलं, "आतल्या बाईचं सगळं ठीक आहे ना?" आणि पिशवी उचलली. टेम्पोत पुढे बसताना मला म्हणाल्या, "एक सांगते. मी थांबवा म्हटलं की थांबवायचं. मग तिथे कुणी का असेना."

"बाई, शब्द दिला," मी म्हटलं.

आम्ही शेतात उतरलो तेव्हा लोकांनी आमच्यासाठीच टाळ्या वाजवल्या. साडेतीन वाजून गेले होते. छोट्या तीन फाइट पटापट झाल्या. डॉक्टरबाई रिंगच्या कोपऱ्याला लाकडी खुर्चीवर बसल्या होत्या, पहिल्या फाइटला चेहरा आंबट करून, दुसऱ्या फाइटला पुढे सरकून. तिसरीला त्या मला म्हणाल्या, "त्या निळ्या चड्डीवाल्याचा उजवा हात सारखा खाली येतोय." मी म्हटलं, "मलाही तेच दिसतंय."

मग मुख्य फाइट. लेथवाला आला तेव्हा अंबरनाथवाल्यांनी जो ढोल वाजवला तो आजही माझ्या कानात आहे. फौजी दोरखंडाखालून वाकून आत आला, एकटाच, सोबत फक्त त्याचा मेव्हणा पाण्याची बाटली घेऊन. मी घंटेपाशी उभी होते. मी घंटा वाजवली.

पहिला राउंड दोघांनी एकमेकांना जोखण्यात घालवला. दुसऱ्यात फौजीनं त्याची टोचणी सुरू केली, टक, टक, टक, लेथवाल्याच्या कपाळावर. तिसऱ्यात लेथवाल्यानं ती टोचणी हातानं बाजूला सारली आणि त्याच वाटेनं उजवा ठोसा आत घुसवला. फौजी बसला! खाली, माझ्या चादरीवर, पाय पसरून. शेत उठलं. खरोखर, सगळं शेत उभं राहिलं. काका बांधावरून ओरडत होते, "मोजा! मोजा!" पंचांनी आठपर्यंत मोजलं आणि फौजी उभा राहिला, नाक पुसलं आणि हसला. याला आपण अजून ओळखलेलंच नाही, असं मला वाटलं.

चौथ्या राउंडला त्याचा डावा ठोसा आला. लेथवाल्याची भुवई फुटली. कोपऱ्यात डॉक्टरबाईंनी ती दाबून धरली, मलम लावलं, रक्त थांबवलं. "चालेल," त्या म्हणाल्या, "पण मी बघतेय." पाचवा राउंड संपत आला तेव्हा जखम परत उघडली. आता रक्त डोळ्यात उतरत होतं. तरीही लेथवाला पुढे जात होता, गुणांवर तोच वरचढ होता, ढोल वाजत होते, लोक त्याचं नाव घेऊन ओरडत होते. मीही ओरडत होते, ते मला नंतर कळलं.

पंचांनी थांबवून त्याला डॉक्टरबाईंकडे आणलं. बाईंनी त्याच्या चांगल्या डोळ्यावर हात ठेवला आणि बोटं दाखवली. "किती?"

"चार."

बाईंनी दोन बोटं धरली होती.

"थांबवा," त्या म्हणाल्या.

"दिसतंय मला!" लेथवाला ओरडला. "ताई, सांगा त्यांना! एकच राउंड राहिलाय!"

पंचांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी असं बघायला नको होतं, निर्णय त्यांचा होता. पण त्यांनी बघितलं. पोरगा माझा, गाव माझं, तो जिंकत होता. एकच राउंड. मला अजूनही कबूल करायला लाज वाटते की दोन श्वासांपुरती मी गप्प राहिले. मग म्हटलं, "डॉक्टरबाई म्हणतात तेच."

पंचांनी हात आडवे केले. फाइट फौजीची.

रिंगमध्ये एक चप्पल आली. मग दुसरी. अंबरनाथवाले पुढे सरकायला लागले, खुर्च्या पडल्या, "फिक्स आहे, फिक्स आहे!" असा गलका झाला. मी माइक घेऊन रिंगमध्ये चढले. भोंगा नुसता शिट्ट्या मारत होता. तेवढ्यात काका आले, हातात काठी, लाल टोपी मागे सरकलेली. रिंगच्या समोर उभे राहिले आणि माइकशिवाय, नुसत्या आवाजानं, म्हणाले:

"मी बगितला. त्याचे डोल्यान रगत हाय. आंधल्या मानसाला मारू देनार तुमी? माजे शेतान? तुमी माजे पावने हाव. बसायचा तर बसा, नायतर सरल घरा जा!"

मला वाटतं तिथल्या निम्म्या लोकांना आपापल्या गावातला कुणीतरी म्हातारा आठवला असावा. पुढचे थबकले. मागच्यांना पुढचे का थांबले ते कळेना, म्हणून तेही थांबले. हळूहळू गर्दी मोकळी झाली. उतरतं ऊन शेतात आडवं पडलं होतं, सगळीकडे भुईमुगाची टरफलं. डॉक्टरबाई गोठ्यासमोर लेथवाल्याच्या भुवईला टाके घालत होत्या आणि तो दुसरीकडे तोंड करून रडत होता, दुखतं म्हणून नव्हे.

तो माझ्याशी पाच महिने बोलला नाही. रस्त्यात दिसला की पलीकडच्या बाजूला जायचा. मी त्याच्या कंपनीत मापं घ्यायला गेले तर रांगेत उभा राहिला, हात पसरले, माप दिलं, आणि एक अक्षर न बोलता गेला. दोन बाह्या, साडेपंचवीस इंच, मी वहीत लिहिलं आणि मला वाटलं, संपलं आपलं.

मग एका संध्याकाळी तो आमच्या दारात उभा. भुवईवर बारीक पांढरी रेघ. नवऱ्यानं दार उघडलं. लेथवाल्यानं चप्पल काढली नाही, आत आला नाही, तिथूनच म्हणाला, "ताई, त्या फौजीला परत बोलवा."

"डोळा?"

"डॉक्टरबाईंकडे जाऊन आलो. मोठ्या डॉक्टरलाही दाखवला. कागद आहे." त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. मग उंबऱ्याकडे बघत म्हणाला, "मोठे डॉक्टर बोलले, तेव्हा अजून एक ठोसा बसला असता तर कारखान्यात लेथवर उभं राहता आलं नसतं."

एवढंच. माफी त्यानं मागितली नाही, मीही मागितली नाही.

ती फाइट पुढच्या हिवाळ्यात, अंबरनाथला एका शाळेच्या मैदानावर झाली. डॉक्टरबाई या वेळी न बोलावता आल्या, स्वतःची खुर्ची बरोबर घेऊन. काका आले, पुढच्या रांगेत बसले, काठी आडवी मांडीवर. आणि पहिल्यांदाच माझा नवरा आला. दरवाजावर तिकिटं फाडायला माणूस कमी होता, म्हणून आला, असं तो म्हणाला.

सहाही राउंड झाले. कुणी पडलं नाही. फौजी त्या दिवशी आयुष्यातलं सगळ्यात सुंदर बॉक्सिंग खेळला असेल, आणि लेथवाला त्याच्याहून कणभर जास्त. शेवटच्या राउंडला दोघं मधोमध उभे राहून हटेचनात. एकानं मारलं की दुसऱ्यानं मारायचं, एकानं चुकवलं की दुसऱ्यानं चुकवायचं, आणि मैदानातला एकही माणूस बसलेला नव्हता. बाजू कुणाची घ्यायची हेच लोक विसरले होते. अंबरनाथवाले फौजीच्या ठोशालाही 'वा' म्हणत होते. मी घंटा वाजवायला हात वर केला आणि पहिल्यांदाच मला वाटलं, नको, अजून थोडं चालू दे. पण वेळ झाली होती. वाजवली.

गुणांचा निकाल यायला दोन मिनिटं लागली. ती दोन मिनिटं मी दोरखंड धरून उभी होते. पंचांनी लेथवाल्याचा हात वर केला तेव्हा मी काय ओरडले ते मला माहीत नाही. डॉक्टरबाई म्हणतात, मी त्यांना मिठी मारून उचललं. त्या माझ्यापेक्षा पंधरा किलो जड होत्या, म्हणजे ते खरं नसावं.

दुसऱ्या दिवशी माझा आवाज पार बसला. तोंडातून नुसती हवा येत होती. नेमकी मोठ्या मुलीच्या शाळेत पालकांची सभा. आम्ही दोघं गेलो. वर्गाच्या बाईंनी मला मुलीच्या अभ्यासाबद्दल काहीतरी विचारलं, मी तोंड उघडलं आणि काहीच निघेना. आजूबाजूचे पालक बघायला लागले.

माझा नवरा उभा राहिला. "हिचा आवाज बसलाय," तो म्हणाला. मग शर्ट नीट केला आणि अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काल हिची फाइट होती. मैदान भरलं होतं. हीच भरवते."